स्त्रीभूमिकेतून तुकोबांकडे : चिकोडीच्या विष्णुपंत पागनीसांची वाट

संत तुकारामांचे छायाचित्र असणे शक्य नाही, हे सिद्ध करण्यास वकील लागत नाही. तुकोबांचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. छायाचित्रणाची विद्या एकोणिसाव्या शतकातली. तरीसुद्धा सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे कित्येक मराठी घरांच्या देव्हाऱ्यांत, भजनी मंडळांच्या खोल्यांत आणि विठ्ठलमंदिरांच्या भिंतींवर तुकोबांची जी तसबीर दिसते, डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा सौम्य, कपाळी गंध, ती पुष्कळ ठिकाणी एका नटाच्या मुद्रेवरून उतरलेली असते. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस. जन्म १८९२ चा आणि गाव चिकोडी, जिल्हा बेळगाव.

'हा आमच्या भागातला' असे म्हणण्याची आपणा सीमावासीयांना फार घाई असते. ती समजण्याजोगी आहे. ज्यांना आपली भाषा सतत सिद्ध करावी लागते, ते थोरांच्या जन्मस्थळांची यादी खिशात बाळगतात. मात्र वकिलीच्या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते : जन्माचा दाखला मनुष्य कोठे जन्मला एवढेच सांगतो. पागनीस चिकोडीत जन्मले, यावरून चिकोडीबद्दल काही निष्पन्न होत असेल तर ते थोडेच. त्यांच्या नाट्यचित्रपटीय वाटचालीतून जे निष्पन्न होते ते अधिक मोलाचे आहे, आणि त्याचा आपल्या भाषाप्रश्नाशी संबंध दाखल्यापेक्षा जवळचा आहे. ती वाटचाल तीन टप्प्यांची. आधी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका, मग मुंबईत शाळेतील संगीतशिक्षक आणि भजनगायक, शेवटी बोलपटातील संत. पहिला आणि तिसरा टप्पा सर्वांना ठाऊक असतो. मधला टप्पा चरित्रात एका वाक्यात उरकला जातो. माझे म्हणणे असे की पागनीस जे झाले ते त्या मधल्या वर्षांमुळे झाले.

प्रथम ज्या रंगभूमीवर ते लहानपणी उभे राहिले ती कोठून आली, हे पाहिले पाहिजे; कारण तिचा उगम आमच्याच जिल्ह्यात शोधावा लागतो. मी हे कुळगीहून लिहितो आहे. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना लागणारे, जोयडा तालुक्याच्या रानातले हे गाव उत्तर कन्नड जिल्ह्यात मोडते. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, होन्नावर तालुक्यात कर्की नावाचे गाव आहे. तेथील भागवत मंडळी, म्हणजे यक्षगानाच्या परंपरेतले दशावतारी खेळ करणारे कलावंत, १८४२ साली सांगलीस गेले. तेथील संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी त्यांचा खेळ पाहिला, त्यांना तो आवडला, आणि आपल्या आश्रयातील विष्णुदास भावे यांना अशाच धर्तीचा पण मराठी खेळ रचण्याची आज्ञा केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस 'सीतास्वयंवर' झाला. तो दिवस महाराष्ट्रात अजून मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. भाषणे होतात, नटराजाचे पूजन होते. कर्कीचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. कानडी मुलखातील खेळ्यांनी मराठी नाटकाला पहिला धक्का दिला, यात मराठीचे काही उणे होत नाही. आपण ते मोकळेपणी सांगितले तर आपलेच म्हणणे अधिक विश्वासार्ह ठरते.

पुढची कडीही याच मुलखात आहे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्येच, सध्याच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली. गोविंद बल्लाळ देवलांचे शिक्षण बेळगावचे. किर्लोस्करांचा सहवास त्यांना तेथेच लाभला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि मराठी नाटकातील गाणे सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्रांच्या तोंडी आले. त्या गाण्यांच्या चालींकडे भाषेच्या अभ्यासकाने अवश्य लक्ष द्यावे. किर्लोस्करांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे यांच्याबरोबर कानडी पदांच्या चालीही घेतल्या. जुन्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची खूण दिलेली असे. शब्द मराठी आणि त्यांचा सांगाडा कानडी, अशी ती पदे शेकडो प्रयोगांत गायिली गेली आणि ऐकणाऱ्या कोणाला त्यात विसंगती जाणवली नाही.

देवाणघेवाण एकेरी नव्हती, हेही येथेच नोंदवतो. मराठी नाटक कंपन्या बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग या बाजूला इतक्या फिरू लागल्या की तेथील कानडी मंडळींना आपल्या भाषेची काळजी वाटू लागली. गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटकमंडळी उभारली ती याच काळजीपोटी. आज आपण ज्या भाषेत आपली तक्रार मांडतो, तशीच तक्रार दीडशे वर्षांपूर्वी आपल्या कंपन्यांविषयी कोणी तरी मांडली होती. तिचे उत्तर त्यांनी चांगली नाटके लिहून दिले, ही गोष्ट मला विशेष आदरणीय वाटते.

अशा मुलखात, अशा काळात विष्णुपंतांचे बालपण गेले. ते लहान वयात स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. ही मंडळी साधी नव्हती. केशवराव भोसल्यांची घडण याच मंडळीत झाली; देवलांच्या 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव गाजले ते येथेच. पुढे केशवराव बाहेर पडले आणि १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. कोठे काढली, तर हुबळीस. पुणे-मुंबईच्या ग्रंथांत ही गोष्ट ओझरती येते. आपण ती विसरू नये. मराठी संगीत रंगभूमीची एक अग्रगण्य संस्था हुबळीत जन्मते, याचा अर्थ तेथे तिकीट काढणारा, पदे समजणारा, नटाला 'वन्समोअर' देणारा प्रेक्षक होता. त्या प्रेक्षकांत घरी कन्नड बोलणारे बहुसंख्य असणार, हे उघड आहे.

स्त्रीपार्टी नटाचे आयुष्य कसे असे, हे आजच्या वाचकास थोडे उलगडून सांगावे लागेल. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे प्रतिष्ठित समाजाला मान्य नव्हते, म्हणून गोड गळ्याची, नाजूक चणीची मुले कंपनीत घेत. आवाज फुटेपर्यंत, आणि नशीब असेल तर फुटल्यानंतरही, ती मुले नायिका होत. लुगडे नेसणे, केसांचे खोपे बांधणे हे सोपे. अवघड असे ते चालणे, थांबणे, मान वळविणे, पदर सावरताना बोटांची ठेवण, नजर किती उचलावी आणि केव्हा झुकवावी. हे सारे वर्षानुवर्षे रोज रात्री केल्यावर ते अंगात मुरे. नाटक संपले, रंग पुसला, तरी ते जात नसे. पुष्कळ स्त्रीपार्टी नटांच्या वागण्याबोलण्यात, आवाजाच्या टिपेत ती मृदुता कायमची राहिली. लोक त्यावर हसतही. बालगंधर्वांच्या बाबतीत मात्र उलट घडले : घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याची, अलंकारांची नक्कल केली. तेवढे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. वय वाढले, शरीर भरले, गळा जड झाला, की बहुतेकांपुढे प्रश्न उभा राही : आता काय? पुरुषभूमिकेत शिरावे तर अंगवळणी पडलेले सारे विरोधात जाई. कोणी कंपनीत किरकोळ कामांवर राहिला, कोणी गाण्याच्या शिकवण्या धरल्या.

पागनीसांनी दुसरी वाट धरली. रंगभूमी सोडून ते मुंबईस शाळेत संगीतशिक्षक झाले आणि भजनगायक म्हणून ओळखले जाऊ लागले.

नटाच्या चरित्रात ही घसरण वाटते. कंपनीतील नायिकेने शाळेतील मुलांकडून सरगम घोकून घ्यावी! तथापि गाण्याच्या दृष्टीने पाहा. नाट्यसंगीताचा गायक समोरच्या प्रेक्षकांसाठी गातो. त्याला पद खुलवायचे असते, तान घेऊन टाळी मिळवायची असते, मागणी आली तर तेच पद पुन्हा निराळ्या अंगाने म्हणायचे असते. कथानक तेवढा वेळ खोळंबते आणि कोणाची हरकत नसते. भजनाचा व्यवहार वेगळा. तेथे समोर बसलेला मनुष्य श्रोता नसतोच. तो टाळ वाजवीत असतो, धृपद धरीत असतो. गाणाऱ्याने फार पुढे जाऊन चालत नाही, कारण मागच्यांना त्याच्याबरोबर यायचे असते. शब्द सर्वांना पाठ असतात, म्हणून ते स्पष्ट लागतात आणि सुटे लागतात. स्वर शब्दाच्या मागे राहतो. रंगभूमीने पागनीसांना देह कसा वापरावा हे शिकविले असेल. गळा कोठे आवरावा हे त्यांना भजनानेच शिकविले असणार.

येथे थोडा विषय सोडून बोलतो, पण फार सोडून नाही. जोयडा तालुक्यातील आमच्या बाजूच्या गावांत घरी बोलण्याची भाषा कोकणी किंवा तिची एखादी बोली, कचेरीची भाषा कन्नड, आणि रात्री देवळात भजनाला बसले की भाषा मराठी. तुकोबांचे, नामदेवांचे, एकनाथांचे अभंग म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी लिहिता येत नाही. काहींना तर दिवसभरात मराठी वाक्य बोलण्याचा प्रसंगही येत नाही. जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना असतो, भजनाच्या भाषेचा नसतो. तेव्हा आमच्या भागातील मराठीचे मोजमाप करणाऱ्यास जी मराठी दिसते ती शाळेतली आणि वर्तमानपत्रांतली, म्हणजे दिवसेंदिवस आक्रसत चाललेली. टाळावर चालणारी मराठी त्या मोजमापात येत नाही. आणि ही मराठी कानडीशी भांडून उभी नाही. पंढरीच्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले. पुरंदरदासांनी आपल्या कन्नड कीर्तनांवर त्याच विठ्ठलाच्या नावाची मुद्रा उमटविली. पंढरपुरास कर्नाटकातून जाणारा वारकरी दोन्ही भाषांत देवाला हाक मारतो. विष्णुपंत ज्या गाण्यात रंगभूमी सोडल्यावर स्थिरावले ते हे गाणे होते.

इतक्यात बोलपट आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट पडद्यावर आणला. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे पुन्हा संगीत नाटकाचाच माणूस. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्यास गेली. बोलपटाला गाणारा नट हवा होता आणि गाणारे नट रंगभूमीवर होते. म्हणून सुरुवातीस सारे चित्रपटवाले नाटक कंपन्यांच्या दारी गेले. त्याच बोलपटाने नाटक कंपन्यांची नाट्यगृहे आणि प्रेक्षक हिरावून घेतले, ही त्यातली कटू बाजू.

प्रभातने १९३५ मध्ये 'धर्मात्मा' काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे, आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. ब्रिटिश सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजींची सावली दिसली आणि नाव बदलावे लागले. नारायणराव राजहंस त्या वेळी सत्तेचाळिशीत होते. १९०५ मध्ये मिरजेस शकुंतला म्हणून उभे राहिल्यापासून तीस वर्षे त्यांनी मराठी प्रेक्षकांवर राज्य केले होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त 'मानापमान'च्या आठवणी ऐकत आमच्या मागील दोन पिढ्या वाढल्या. त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. असा हा नट कर्जाच्या ओझ्याखाली प्रभातमध्ये आला, प्रथमच मोठ्या पुरुषभूमिकेत पडद्यावर दिसला, आणि लोकांना ते रुचले नाही. प्रभातशी असलेला त्यांचा संबंध त्या एका चित्रपटावरच संपला. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरा म्हणून, कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. तेही चालले नाही आणि ते रंगभूमीवर परतले.

या पार्श्वभूमीवर १९३६ मध्ये त्याच प्रभातने पुन्हा एक संतपट हाती घेतला आणि त्याच्या मध्यवर्ती भूमिकेसाठी पुन्हा एक जुना स्त्रीपार्टी नट निवडला, हे धाडस केवढे होते याचा विचार करावा. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल चित्रकार व कलादिग्दर्शक, दोघेही मितभाषी. पागनीसांच्या नावाला कंपनीत विरोध झाला; शांतारामांनाही ही निवड पसंत नव्हती असे सांगतात. आक्षेप नेमका त्यांच्या बायकी हावभावांवर होता. हा मनुष्य तुकाराम कसा शोभणार?

दामले-फत्तेलाल यांनी ज्या गोष्टीवर आक्षेप होता तीच कामास लावली. चित्रपटातील तुकाराम पाहा. तो आवाज चढवीत नाही. बायको कडाडून बोलत असते तेव्हा त्याची मान किंचित कलते, नजर खाली जाते. हातांच्या हालचाली संथ आणि गोल. हे तुकोबा अभंगांतून दिसणाऱ्या तुकोबांपेक्षा अधिक मवाळ आहेत, हे कबूल केले पाहिजे. दांभिकांच्या माथी काठी हाणण्याची भाषा करणारा कुणबी कवी या पडद्यावर फारसा सापडत नाही. माझ्या मते चित्रपटाची ही खरी मर्यादा आहे. पण जे सापडते तेही लहान नाही. पुरुषी अहंकार ज्याच्या देहातून पुसला गेला आहे असा मनुष्य त्या काळच्या भारतीय पडद्यावर दुसरा दिसत नाही, आणि तो घडविण्यास लहानपणापासून लुगड्यात वावरलेला नट लागला. समोर आवली म्हणून गौरी ही नटी होती. स्टुडिओत लहानसहान कामे करीत ती पुढे आली होती; नाट्यशिक्षण असे काही नव्हते. ती भांडते, राबते, मुलाच्या आजारपणात चिडून पायातील वहाण हाती घेऊन विठोबाच्या देवळात शिरते. तिच्या खणखणीत खेडवळ मराठीपुढे पागनीसांचे मंद बोलणे ठेवल्यामुळे दोन्ही उठून दिसतात. संसार आवलीच्या भाषेत बोलतो आणि परमार्थ तुकोबांच्या. आणि चित्रपट आवलीला कमी लेखत नाही.

आता गाण्याकडे येतो. संगीत केशवराव भोळे यांचे. ते डॉक्टरीचे शिक्षण अर्धवट सोडून गाण्याकडे वळलेले, चोखंदळ टीकाकार, आणि १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आणणाऱ्या नाट्यमन्वंतर मंडळींपैकी एक. नाटकातील गाणे आटोपशीर असावे, ते प्रसंगातून निघावे, या मताचे. चित्रपटाच्या आरंभीच तुकाराम विठ्ठलासमोर अभंग म्हणतो. मग तोच अभंग सालोमालो आपला म्हणून देवळात सादर करतो. भागवत या नटाने केलेला हा सालोमालो ताना मारतो, हातवारे करतो, ऐकणाऱ्यांकडे दाद मागत पाहतो. शब्द तेच, चोरलेले. पण ते नाटकी झाले आहेत. चित्रपटाने येथे खलपुरुषाच्या गळ्यात जणू संगीत नाटकाचा बडेजाव घातला आहे आणि नायकाच्या गळ्यात भजन. संगीत रंगभूमीवरूनच आलेल्या माणसाकडून ही टीका गाऊन घेतली गेली, याची मौज दिग्दर्शकांनी जाणून साधली की आपोआप साधली गेली, ते असो. पण 'धर्मात्मा'त जे जमले नाही ते 'संत तुकाराम'मध्ये का जमले, याचे उत्तर मला येथे दिसते. बालगंधर्व थेट रंगमंचावरून कॅमेऱ्यापुढे आले. त्यांच्या मागे तीस वर्षांची टाळी उभी होती. पागनीस रंगमंच आणि कॅमेरा यांच्या मध्ये भजनात राहून आले होते. त्यांना दाद मागण्याची सवय मोडून बरेच दिवस झाले होते. कॅमेरा जवळ येतो तेव्हा दाद मागणारा चेहरा लपत नाही.

यात बालगंधर्वांचा अधिक्षेप नाही. गायक म्हणून दोघांची तुलना कोणी करू नये. ती होऊच शकत नाही. मोठ्या कलेचीच ही अडचण असते की तिला घर बदलता येत नाही.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत गिरगावच्या सेंट्रल चित्रपटगृहात 'संत तुकाराम' लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला; परदेशातील महोत्सवात असा मान मिळविणारा तो पहिलाच भारतीय चित्रपट. ज्यांनी कधी बोलपट पाहिला नव्हता ते खेड्यापाड्यांतील लोक, विशेषतः स्त्रिया, तो पाहण्यास आल्या. चपला बाहेर काढून थिएटरात शिरणारे, पडद्याला हात जोडणारे प्रेक्षक होते असे जुने लोक सांगत आले आहेत. चित्रीकरणाच्या काळात पागनीस स्वतः देहूस तुकोबांच्या स्थानाचे दर्शन घेऊन आले होते. पुढे ते लोकांत गेले की लोक त्यांच्या पाया पडू लागले. नट म्हणून हे यश होते आणि बेडीही होती.

कारण त्यानंतरची त्यांची कारकीर्द संतांचीच झाली. १९३९ मध्ये रणजित मूव्हीटोनच्या 'संत तुलसीदास'मध्ये ते तुलसीदास झाले. १९४० मध्ये विजय भट्टांच्या 'नरसी भगत'मध्ये नरसी मेहता झाले. मराठी मुलखातील नट हिंदी पट्ट्यातील आणि गुजरातेतील संत रंगवू लागला, याला कारण मृदू चेहरा आणि भजनाचा गळा. त्या दोन गोष्टींना भाषेची सीमा आड आली नाही. १९४३ मध्ये 'महात्मा विदुर'मध्ये विदुर. या भूमिकांत ते वाईट नाहीत, पण 'तुकाराम'मधली ताजेपणाची झळाळी त्यांत नाही. प्रत्येक निर्मात्याला पागनीस नको होते, तुकाराम हवे होते. तुलनेसाठी शाहू मोडकांकडे पाहता येते. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील या नटाने १९४० मध्ये प्रभातच्याच 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानदेव रंगविले आणि नंतर अनेकदा कृष्ण होऊनही ते अन्य भूमिका करीत राहिले. ते पडद्यावर तरुणपणीच आले होते. पागनीसांना पडदा मिळाला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. हातात जेमतेम सात वर्षे होती. १९४३ मध्येच त्यांचे निधन झाले.

त्या वेळी चिकोडी मुंबई इलाख्यात होती, आमचे सुपे म्हणजे आजचे जोयडा मुंबई इलाख्यात होते, कर्की आणि गुर्लहोसूरही तेथेच. १ नोव्हेंबर १९५६ यायला तेरा वर्षे अवकाश होता. राज्यांची रेषा आखली गेली तेव्हा या वाटेवरील ही सारी गावे एकाच बाजूला पडली आणि सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई दुसऱ्या बाजूला. मराठी संगीत नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यामुळे एक सोय झाली : पहिली काही पाने 'कर्नाटकातील प्रभाव' या मथळ्याखाली घालून मोकळे होता आले. आपण सीमाभागातल्यांनी तो मथळा मान्य करू नये. कर्कीचे खेळे सांगलीला गेले तेव्हा ते परप्रांतात गेले नव्हते, आणि हुबळीला ललितकलादर्श निघाली तेव्हा ती परप्रांतात निघाली नव्हती.

स्त्रीभूमिकांच्या प्रथेचा शेवट कसा झाला, तेही याच मुलखाशी जोडलेले आहे. १९३८ च्या सुमारास बालगंधर्वांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. तेव्हाच्या बिजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या, चित्रपटगायिका अमीरबाईंच्या भगिनी. बालगंधर्वांनी ज्या नायिका आयुष्यभर उभ्या केल्या, त्या नायिका आता त्या करू लागल्या आणि बालगंधर्व नायकाच्या वेषात समोर उभे राहिले. मराठी स्त्रीचा आदर्श ठरलेली पदे कानडी मुलखातील एका मुसलमान बाईच्या गळ्यातून येऊ लागली. पुण्यातील काही रसिकांनी नाके मुरडली. त्यांना त्यात खुपले ते नेमके काय, याचा शोध एखाद्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे घ्यावा.

पागनीसांच्या गाण्याची एक गोष्ट राहिली. 'संत तुकाराम'मधील बीज आणि वृक्ष यांचे रूपक असलेले पद तुकोबांचे नाही. चित्रपटासाठी ते शांताराम आठवले यांनी लिहिले. पण ते पागनीसांनी अशा रीतीने म्हटले की त्या काळच्या जाणत्या लोकांनीही ते गाथेतील म्हणून धरले आणि गाथेत शोधले. त्यात 'तुका म्हणे' ही मुद्रा नाही, हे लक्षात यायला हवे होते. मुद्रेवाचून अभंग म्हणजे सहीवाचून दस्त. तरी आमच्या बाजूला भजनात ते अजून म्हटले जाते, अभंगांच्या ओघात, आणि टाळकऱ्यांना विचारले तर ते तुकोबांचे म्हणूनच सांगतात.